मोबाईलचा चार्जर : कोणता घ्यावा व कोठे लावावा

(शेतकी खात्याकडून)



या पानावर एरवी आपण बेणेप्रक्रिया, सरीतील अंतर, खोडव्यातील पाचट, खताचे हप्ते अशा विषयांवर बोलतो. या अंकात एकदम मोबाईलच्या चार्जरविषयी मजकूर पाहून काहींना नवल वाटेल. परंतु ऊसाच्या कामात मोबाईल आता कोयत्याइतकाच गरजेचा झाला आहे, हे आपण सर्वजण जाणता. २०२१ पासून सातबाऱ्यावरची पिकाची नोंद ई-पीक पाहणीतून आपली आपण करावी लागते. टोळी कोणत्या दिवशी येणार याचा निरोप मोबाईलवर, काट्यावरच्या वजनाचा संदेश मोबाईलवर, बिल बँकेत जमा झाल्याचे कळते तेही मोबाईलवरच. कित्येकांनी विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करण्याची सोय करून घेतली आहे. फोन बंद पडला आणि टोळी पुढच्या मळ्यात निघून गेली, असे दर हंगामात घडते. मग तुटलेला ऊस बांधावर वाळतो. वजन घटते, उतारा घटतो.

हे नुकसान पैशाचे झाले, ते पुढच्या वर्षी भरून काढता येते. मला लिहावेसे वाटले ते दुसऱ्या कारणासाठी. घाटाखालच्या गटात फिरताना पंपशेडमध्ये, ट्रॅक्टरवर, तोडणी कामगारांच्या कोप्यांत आणि किनाऱ्यालगतच्या घरांत चार्जर कसे लावलेले असतात ते मी पाहतो. कवच फुटलेला चार्जर चिकटपट्टीने बांधलेला, पिन नसल्याने उघड्या तारा सॉकेटात खोचून वर आगकाडी मारलेली, केबल सोललेली. घरातला सर्वात स्वस्त जिन्नस म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही. गट कार्यालयात येऊन सभासद विचारतात, "सायबानू, हो दोनशे रुपयांचो आसा, चलात मां?" उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम चार्जर करतो काय ते पाहू. भिंतीतल्या सॉकेटात २३० व्होल्टचा उलटसुलट वाहणारा म्हणजे एसी प्रवाह असतो. फोनला साधारण ५ व्होल्टचा, एकाच दिशेने वाहणारा म्हणजे डीसी प्रवाह लागतो. पूर्वीच्या जड ठोकळ्यांत लोखंडी पत्र्यांचा मोठा ट्रान्सफॉर्मर हे काम करीत असे. आताच्या आगपेटीएवढ्या चार्जरमध्ये आधी एसीचा डीसी होतो व त्या वेळी आतला दाब सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जातो. मग एक लहानसा इलेक्ट्रॉनिक स्विच तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, आणि एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून तो ५ व्होल्ट होऊन पलीकडे उतरतो.

या ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक भिंतीकडचे, दुसरे फोनकडचे. ती एकमेकांना चिकटलेली नसतात. शक्ती अलीकडून पलीकडे जाते ती चुंबकत्वाने, तारेने नव्हे. कालवा आणि वाफा यांच्यामध्ये जसा बांध असतो, तसा इथे इन्सुलेशनचा बांध आहे. आपल्या हातातली केबल, फोनची धातूची कड, कानाला लावलेला इअरफोन, हे सगळे या बांधाच्या पलीकडच्या बाजूला. बांध फुटला की कालव्याचे पाणी वाफ्यात शिरते, तद्वत २३० व्होल्ट थेट आपल्या हातात येतात. चार्जर चांगला की वाईट हे मुख्यतः या बांधावर ठरते. फोन किती वेळात भरतो ही गोष्ट त्याच्या नंतरची.

चांगल्या कंपनीच्या चार्जरात या वेटोळ्यांच्या तारेवर तीन पदरी आवरण असते, आणि आतल्या पट्टीवर दोन्ही बाजूंमध्ये काही मिलिमीटरचे मोकळे अंतर सोडलेले असते. पुष्कळदा तिथे पट्टीला आरपार खाचही पाडतात. नकली चार्जरमध्ये साधी तार, पातळ कागदासारखी पट्टी आणि जेमतेम एक मिलिमीटर अंतर. कोरड्या हवेत तेही काही महिने निभावून जाते. आपल्याकडे मात्र मृगापासून चार महिने हवा ओली, आणि किनाऱ्यावर बारमाही खारी. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे खिडकीचे गज आणि पत्र्याचे खिळे किती वर्षांत खाऊन जातात हे सांगायला नको. तीच खारट ओल चार्जरच्या फटीतून आत जाते आणि त्या एक मिलिमीटरच्या अंतरावर मिठाचा पातळ थर धरते. ओले मीठ वीज वाहून नेते. म्हणून पुण्यात चाललेला स्वस्त चार्जर इथेही तसाच चालेल असे धरून चालू नये.

आणखी एक बाब. मोबाईलच्या चार्जरला दोनच पिना असतात, अर्थिंगची तिसरी पिन नसते. मोटारीला, फ्रीजला निदान अर्थिंगचा आधार असतो. चार्जरला तो नाही, सगळी भिस्त आतल्या इन्सुलेशनवर. म्हणूनच अशा उपकरणात दुहेरी इन्सुलेशन असावे लागते, आणि त्याची खूण म्हणून लेबलवर मोठ्या चौकोनात लहान चौकोन छापलेला असतो. ही खूण नसेल तर तो चार्जर दुकानदाराला परत द्यावा.

हे केवळ भीती घालण्यासाठी लिहिलेले नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेने ॲपल कंपनीच्या नावाने विकले जाणारे ४०० बनावट चार्जर तपासले. शंभरात नव्याण्णवांहून अधिक नापास झाले, आणि त्यांतले १२ तर माणसाचा जीव जाईल इतके वाईट बनवलेले निघाले. बाहेरून पाहता ते अस्सलासारखेच दिसत होते.

आता लेबल कसे वाचावे. खताचे पोते घेताना आपण १०:२६:२६ आहे की १८:४६ हे वाचतो, नुसत्या पोत्याच्या रंगावर जात नाही. चार्जरवरही बारीक अक्षरात असेच आकडे असतात. घरात कोणाचे डोळे चांगले असतील त्याला वाचायला सांगावे, किंवा फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करून पाहावा.

पहिली ओळ इनपुटची. तिथे '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे हवे. याचा अर्थ सॉकेटातला दाब १०० पासून २४० पर्यंत कितीही असला तरी चार्जर स्वतःला जुळवून घेतो. रात्री मोटारी चालू झाल्या की घरातला दिवा मंद होतो, तरी फोन चार्ज होत राहतो तो यामुळेच. रेल्वेच्या अनेक डब्यांत ११० व्होल्टचा पुरवठा असतो, तिथेही कणकवली-कुडाळहून मुंबईला जाताना आपला चार्जर चालतो. मुलगा किंवा जावई परदेशात असल्यास तिकडचे चार्जर घरी येतात. आखाती देशांकडचे जाड चौकोनी तीन पिनांचे, अमेरिकेकडचे चपट्या दोन पिनांचे. लेबलवर १००-२४० असेल तर ते चांगल्या प्रतीचा कन्व्हर्टर लावून खुशाल वापरावेत. फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल तर आपल्या सॉकेटात लावताक्षणी तो जळेल.

दुसरी ओळ आउटपुटची, आणि घोटाळा होतो तो इथे. तिथे व्होल्ट व अँपिअर असे दोन आकडे असतात. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब समजा, अँपिअर म्हणजे पाण्याची धार. दोहोंचा गुणाकार केला की वॅट येतात. ५ व्होल्ट व २ अँपिअर म्हणजे १० वॅट. ९ व्होल्ट व २ अँपिअर म्हणजे १८ वॅट.

"जास्त अँपिअरचा चार्जर लावला तर फोन जळतो," असा समज पुष्कळांचा आहे. तो खरा नाही. अँपिअरचा आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती धार देऊ शकतो ती मर्यादा. किती घ्यायची ते फोन ठरवतो. तळ्यात पाणी भरपूर असले म्हणून ठिबकची तोटी जास्त टाकीत नाही, ती तिच्या ठरल्या लिटरनेच टाकते. फोनच्या आत चार्जिंगचे नियंत्रण करणारा भाग आहे, तो ही तोटी. तेव्हा १० वॅट घेणाऱ्या फोनला ३३ वॅटचा चांगला चार्जर लावला तर काहीही बिघडत नाही. उलट लहान चार्जर मोठ्या फोनला लावला तर फोन हळू भरतो, आणि चार्जर हलक्या प्रतीचा असेल तर तासन् तास पूर्ण भारावर राहून तापतो.

धारेचे असे, पण दाबाचे काय? दाब जास्त झाला तर ठिबकची नळी फुटते, तसा फोनही जळेल ना? ही शंका रास्त आहे. 'फास्ट' चार्जर ९, १२, १५, २० व्होल्टपर्यंत देऊ शकतात हे खरे. पण ते आपण होऊन देत नाहीत. सुरुवात ५ व्होल्टवर होते. मग फोन व चार्जर केबलमधून एकमेकांशी बोलतात, फोनने ९ व्होल्ट मागितले तरच चार्जर ते देतो. दोघांना एकमेकांची भाषा कळली नाही तर चार्जर ५ व्होल्टवरच थांबतो, फोन हळू भरतो एवढेच. या भाषा अनेक आहेत. काही कंपन्यांची आपली खास भाषा असते. तिच्या फोनला तिचाच चार्जर व तिचीच केबल लागते, तरच डब्यावर लिहिलेला वेग मिळतो. सर्वांना कळणारी भाषा म्हणजे यूएसबी पॉवर डिलिव्हरी, दुकानदार तिला 'पीडी' म्हणतात. तिच्यातच 'पीपीएस' हा एक सुधारित प्रकार आहे. नवा चार्जर घ्यायचा असेल तर सी टाईप तोंडाचा, 'पीडी' व 'पीपीएस' लिहिलेला, २० ते ३३ वॅटचा घ्यावा. घरातल्या बहुतेक नव्या फोनांना तो पुरेल. बटणाच्या साध्या फोनला ५ व्होल्ट १ अँपिअर भरपूर झाले.

६७ वॅट, ८० वॅट अशा जाहिराती आता फार दिसतात. अर्ध्या तासात फोन भरतो हे खरे. पण ज्याचा फोन रात्रभर घरात पडून असतो त्याने त्यासाठी जादा पैसे का मोजावेत, हे मला तरी समजलेले नाही. फोनची लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि वेगाने भरताना उष्णता जास्त होते. घाई नसेल तेव्हा सावकाश भरलेली बरी. ज्याला दिवसभर मळ्यात राहायचे आणि दुपारी तासाभरासाठी घरी यायचे, त्याला वेगाचा उपयोग आहे, त्याने जरूर घ्यावा.

चार्जर वेगळा विकत घेण्याची पाळी आली ती अलीकडे. २०२० मध्ये ॲपलने फोनच्या डब्यात चार्जर देणे बंद केले, मागोमाग इतर काही कंपन्यांनीही आपल्या काही फोनांबाबत तोच मार्ग धरला. दुसरीकडे सर्व फोनांना एकच तोंड असावे म्हणून युरोपीय महासंघाने कायदा केला, तो २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना लागू झाला. ॲपलनेही २०२३ मध्ये आपल्या नव्या फोनांना सी टाईप तोंड दिले. सांगायचे इतकेच, की केबल कायमची जोडलेला चार्जर घेऊ नये, सुट्या केबलचा घ्यावा. केबल लवकर खराब होते, चार्जर टिकतो.

केबलविषयीही दोन शब्द. दोनशे फूट लांब अर्धा इंची पाईप टाकला तर शेवटी पाणी गळाटते. केबल बारीक व लांब असली की तेच होते. सी टू सी प्रकारची साधी केबल ३ अँपिअरपर्यंत चालते. त्यापुढे ५ अँपिअरची लागते व तिच्यात एक लहान चिप असते. एक मीटरची, जाड आवरणाची केबल घ्यावी. गळ्यापाशी वाकून तार दिसू लागली की ती फेकावी, पट्टी गुंडाळून वापरू नये.

आता शिक्क्याविषयी. काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का नसेल तर आपण ऊस तोलू देत नाही. चार्जरलाही सरकारी शिक्का आहे. भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी केल्याशिवाय काही इलेक्ट्रॉनिक वस्तू विकता येणार नाहीत, असा आदेश केंद्र सरकारने २०१२ मध्ये काढला. पुढे त्या यादीत मोबाईल, चार्जर व पॉवर बँक यांचाही समावेश झाला. लेबलवर ब्यूरोची खूण असते, तिच्याबरोबर 'आयएस १३२५२' असा मानकाचा क्रमांक असतो (नव्या मालावर ६२३६८ हाही दिसेल), आणि 'आर' या इंग्रजी अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. नुसता क्रमांक छापलेला पाहून समाधान मानू नये. छापायला काय, कोणीही छापील. 'बीआयएस केअर' नावाचे सरकारी ॲप फोनवर मोफत मिळते. त्यात हा आर-क्रमांक टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर, कोणत्या मालासाठी व कोणत्या ब्रँडसाठी नोंदणी आहे ते दिसते. चार्जरवरचे नाव आणि ॲपमधले नाव जुळले पाहिजे. क्रमांक टीव्हीचा आणि माल चार्जर, अशी गत असेल तर काय समजायचे ते आपण समजालच.

याखेरीज हाताची पारखही आहे. को-८६०३२ चे बेणे आपण डोळा पाहून, कांडी मोडून घेतो, तसाच चार्जर हातात घेऊन पाहावा. फारच हलका, पोकळ वाटला तर आत माल कमी आहे. कवचाची शिवण उघडी, पिना हलणाऱ्या, छपाई पुसट, इंग्रजी शब्दांच्या चुका, ही वाईट लक्षणे. सॉकेटात घातल्यावर पिन घट्ट बसली पाहिजे. सैल पिनेपाशी ठिणगी पडते, सॉकेट काळे पडते. घ्यावा तो कायम जागेवर असणाऱ्या दुकानातून, पक्क्या बिलावर. आंगणेवाडीच्या जत्रेत खाजे घ्यावे, चार्जर घेऊ नये.

इथवर खरेदीचे झाले. कोठे लावावा हे त्याहून महत्त्वाचे आहे, आणि पंपशेडविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे.

रात्रपाळीचे पाणी असते तेव्हा माणूस मळ्यात बसून राहतो. फोन उतरतो. शेडमध्ये स्टार्टर आहे, त्यात थ्री फेजच्या तीन तारा आहेत, न्यूट्रल नाही. मग दोनांपैकी एक प्रकार होतो. काही जण दोन फेजांमध्ये बोर्ड जोडतात. दोन फेजांमधला दाब २३० नव्हे, चारशेच्या वर असतो. २४० पर्यंत सोसणारा चार्जर तिथे फुटतो, आणि फुटताना बांधही फोडून जाऊ शकतो. दुसरा प्रकार म्हणजे एक फेज घ्यायची आणि दुसरी तार मोटारीच्या अर्थिंगला जोडायची. दिवा लागतो, फोन चार्ज होतो, म्हणून लोकांना वाटते की ठीक आहे. पण इथे प्रवाह जमिनीतून परत जातो. आपल्याकडे जांभ्याची जमीन. मार्चनंतर ती कोरडी पडली की अर्थिंग धड जमिनीला लागत नाही, आणि मग अर्थिंगच्या सळईवर व तिला जोडलेल्या मोटारीच्या अंगावर वीज उभी राहते. ज्या अर्थिंगने माणसाला वाचवायचे, तीच मारायला उठते. पाय ओले, हात मोटारीवर. अशा जागी चार्जर कितीही नामांकित कंपनीचा असला तरी त्याचा उपयोग नाही.

सबब पंपशेडमध्ये फोन चार्ज करू नये. घरून भरलेली पॉवर बँक न्यावी. १०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक ५,००० च्या फोनला दोनदा भरेल असा हिशोब लोक करतात, प्रत्यक्षात काही शक्ती उष्णतेत जाऊन एकदा पूर्ण व वर थोडे, एवढेच मिळते. रात्रीच्या पाळीला ते पुरते. पॉवर बँकेवरही ब्यूरोची खूण व आर-क्रमांक पाहावा. शेडमध्ये दिवा-बोर्ड हवाच असेल तर महावितरणच्या खांबावरून न्यूट्रलसह रीतसर जोडणी घ्यावी आणि परवानाधारक वायरमनकडून ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्यावा. हा स्विच गळती होताच वीज तोडतो. घरातही तो असावा.

ट्रॅक्टरवर १२ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यासाठी १२-२४ व्होल्ट इनपुटचा गाडीचा चार्जर मिळतो. तो फ्यूज असलेल्या सॉकेटातच लावावा. बॅटरीच्या खांबांवरून थेट दोन बारीक तारा काढून फोनला जोडण्याचा उद्योग काही चालक करतात. त्या तारा कोठे सोलून एकमेकींना टेकल्या तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर ओतते, तार लाल होते, आणि मागे ट्रॉलीत ऊस व पाचट असते. ट्रॅक्टर सुरू करताना दाब एकदम खालीवर होतो, म्हणून पिन इंजिन चालू झाल्यावर घालावी.

तोडणी मजुरांच्या कोप्यांविषयी मुकादमांना व ज्यांच्या जमिनीवर टोळी उतरते त्या सभासदांना विनंती आहे. संध्याकाळी एका बोर्डावर आठ-दहा चार्जर लटकलेले असतात. दहा फोनांचा भार मिळून दोनशे वॅटच्या घरात, म्हणजे तो काही फार नाही. धोका भाराचा नसून सैल जोडांचा आहे. जोड सैल, तिथे ठिणगी, आणि बोर्ड टांगलेला असतो वाळक्या पाचटाच्या भिंतीला. आत लेकरे झोपलेली असतात. बोर्ड लाकडी फळीवर ठोकून, कोपीच्या बाहेर, मोकळ्या जागी छपराखाली लावून द्यावा. शेतमालकाला यात फार खर्च नाही. रात्री निजण्यापूर्वी बोर्डाचा स्विच बंद करण्याची जबाबदारी मुकादमाने एका माणसावर टाकावी.

घरात काय करावे ते थोडक्यात. उशीखाली, गादीवर, चादरीत गुंडाळून फोन चार्ज करू नये, उष्णता बाहेर जायला वाट नसते. चार्जर कोमट लागणे साहजिक आहे. हातात धरवेना इतका तापला, जळका वास आला, किंवा फोनला हात लावताच झटका बसला, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, मगच पिन ओढावी. तो चार्जर परत वापरू नये. चार्जरला आग लागलीच तर वीज बंद केल्याशिवाय पाणी मारू नये, कोरडी माती टाकावी. एखाद्याला धक्का बसून तो चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नये. मेन स्विच पाडावा, ते जमत नसेल तर सुक्या लाकडाने वेगळे करावे.

पावसात भिजलेला फोन लगेच चार्जरला लावू नये. विशेषतः ज्यांच्या घरी होडीही आहे त्यांनी. समुद्राच्या पाण्याचा थेंब तोंडात असताना वीज सोडली की पिनांवर हिरवा कीट चढतो व तोंड कायमचे खराब होते. फोन तोंड खाली करून वाऱ्यावर काही तास ठेवावा. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय मुलांना फार आवडतो, त्याने तोंडात कोंडा व पीठ मात्र जाते.

विजा चमकू लागल्या की चार्जर सॉकेटातून काढून ठेवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, तारेवर वीज पडली तर तिचा लोट बटणाची फट ओलांडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देते. ढग येण्याआधीच फोन भरून ठेवला तर त्याचा उपयोग होतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा खांब व झाडे पडून अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात होती, हे विसरण्यासारखे नाही. अशा वेळी वीज परत आली की घाईने चार्जर लावू नये. तुटलेला न्यूट्रल नीट जोडला गेला नसेल तर घरात २३० ऐवजी कितीतरी जास्त दाब येतो. आधी एक दिवा लावून पाहावा. तो नेहमीपेक्षा लख्ख पेटला तर मेन स्विच बंद करून महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे.

फुटलेले चार्जर व फुगलेल्या बॅटऱ्या पाचटाबरोबर पेटवू नयेत, उकिरड्यावरही टाकू नयेत. ते खत शेवटी मळ्यातच जाते. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत.

ज्या सभासदांना ॲपवर आर-क्रमांक तपासणे जमत नसेल त्यांनी आपला चार्जर घेऊन गट कार्यालयात यावे किंवा मळ्यावर आलेल्या स्लिपबॉयला दाखवावा. पाच मिनिटांचे काम आहे. तोडणी चालू असेल त्या दिवसांत सकाळी आठच्या आत आलात तर बरे, नंतर आम्ही फडात असतो.

— ऊस विकास अधिकारी